दहावीनंतर अकरावीखेरीज आणखी काय?

दहावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या बहुतेक घरांत एकच चर्चा असते : कला, वाणिज्य की विज्ञान? वाटा मात्र आणखीही आहेत. आयटीआयमध्ये वर्षभरात वेल्डरचा किंवा २ वर्षांत फिटरचा ट्रेड शिकता येतो. उस्मानपुऱ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात ३ वर्षांची पदविका मिळते. चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगची पदविका आहे. वाळूजच्या वाहन उद्योगाला हे कौशल्य लागतेच.

या वाटेने गेल्यावर पुढचे शिक्षण थांबत नाही. दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला पदविकेच्या, तर पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

राज्याने २०१६ मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू केली. शेती, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा ७ क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे तिच्यातून कळे. पण आवड म्हणजे क्षमता नव्हे. एका अहवालावर निर्णय सोपवू नये. नववीतच मुलांना एखादे वर्कशॉप दाखवावे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलू द्यावे. शुल्क, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची चौकशी पालकांनी निकालाआधीच करून ठेवावी.