पप्पांचा आकडा आणि आम्ही भावंडं

या वेळचा विषय जरा अवघड आहे. आजी-आजोबांनी वाचावा आणि नातवंडांनाही वाचून दाखवावा.

आमचं लहानपण भायखळ्याच्या चाळीत गेलं. पप्पा मिलमध्ये फिटर होते. दारू नाही, विडी नाही. नाद एकच, मटका! पूर्वी हा जुगार न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागायचा. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत नवा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रींचा आला आणि गिरणगाव आकड्यांनी झपाटला.

‘क्लोज’चा आकडा मध्यरात्रीच्या सुमारास फुटायचा. आम्ही डोळे मिटून जागेच असायचो. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं, लागला की गेला. लागला तर पप्पा उठवून जिलबी खायला घालत. ती गोड लागायची, खोटं कशाला बोला! पण त्याच पप्पांनी गेल्या आठवड्यात आमच्या फीचे पैसे उडवलेले असत. आईच्या पाटल्या गेल्या, मग तांब्याचा हंडा गेला. उधारीवाला आला की “पप्पा घरात नाहीत” हे सांगायचं काम धाकट्या बहिणीचं. ती तेव्हा सहा वर्षांची. आपण शहाण्यासारखं वागलो, चांगले मार्क आणले तर पप्पा खेळणार नाहीत, असं आम्हांला वाटे.

आपल्या मिश्नात सांगितलंय, फासे खेळणाऱ्याची साक्ष धरू नये. आई म्हणायची, “साक्षीचं राहू दे, त्याच्या पोरांचं काय?”

इस्राएलला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. पण कोपऱ्यावर मिफाल हापायिसची टपरी होतीच. १९५१ पासूनच्या या लॉटरीच्या नफ्यातून कितीतरी शाळांचे वर्ग बांधले गेले, हे खरं. आमच्या वह्यांचे पैसे मात्र त्या टपरीत गेले.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी जुगाराला दारूच्या व्यसनाच्या पंगतीत बसवलं. अशा घरातली मुलं मोठेपणी स्वतः जुगाराकडे वळण्याचा धोका जास्त, असंही जाणकार सांगतात. आमचा थोरला भाऊ टोटोच्या कुपनांत अडकला. मधला असा चिकट निघाला की बायकोकडे बसच्या तिकिटाचाही हिशेब मागतो. दोघांनाही पप्पांचा रागच होता बरं का.

बाळांनो, तुमच्या घरी असं काही चालत असेल तर तुमची काही चूक नाही. उधारीवाल्याशी खोटं बोलणं तुमचं काम नाही. शाळेतल्या योएत्सेतला सांगा, आजीला सांगा. ‘एरान’चा १२०१ हा फोन तर आहेच.

मागच्या हनुक्काला नातवंडं शेंगदाणे लावून सेव्हिवोन फिरवत होती. धाकटी बहीण कौतुकाने बघत बसली होती. आता तिची साठी उलटून गेली. तेवढ्यात दाराची बेल वाजली. ती चटकन उठली, दार न उघडताच आतून विचारलं, “कोण आहे? घरात कोणी नाही.”

शेजारीण सुफगान्योत घेऊन आली होती.