चौतीस तारांची कैफियत

राजगुरुनगरहून नाशिक रस्त्याने दक्षिणेस निघाले की चाकणची औद्योगिक वसाहत लागते, आणि तेथून थेट भोसरी-पिंपरीपर्यंत कारखान्यांची साथ सुटत नाही. या पट्ट्यातील एखाद्या लघुउद्योजकाच्या पदरी गेल्या शतकाच्या अखेरचे सीएनसी यंत्र असेल, तर त्याचे लोखंड आणि मोटारी शाबूत असूनही फ्लॉपी ड्राइव्ह ऐन कामाच्या वेळी मजकूर वाचण्यास नकार देतो, आणि तत्काळ ड्राइव्ह बदलण्याचा हुकूम सुटतो. सोनीने साडेतीन इंची फ्लॉपीची जपानमधील विक्री २०११ च्या मार्चमध्ये थांबविली. सुस्थितीतील ड्राइव्हही आता दुर्मीळ होत आहेत. म्हणून ड्राइव्हला दोषी ठरविण्यापूर्वी त्याला यंत्राच्या नियंत्रकाशी जोडणाऱ्या केबलची जबानी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७६ च्या शुगार्ट एसए-४०० ड्राइव्हपासून रूढ झालेल्या या चपट्या केबलीत चौतीस तारा असतात. त्यांपैकी समक्रमांकाच्या तारा संदेश वाहतात आणि विषमक्रमांकाच्या तारा सामान्यतः भूमीशी जोडलेल्या असतात; शेजारच्या दोन संदेशांनी परस्परांत ढवळाढवळ करू नये, यासाठीच ही तजवीज आहे. मोटारींच्या जाड वीजवाहिन्यांना लगटून हीच केबल नेली, किंवा यंत्राचे अर्थिंग ढिले राहिले, तर वाचनाच्या तिसाव्या तारेवरील स्पंद विकृत होतात.

प्रत्येक संदेशवाहिनी विश्रांतीत पाच व्होल्टांवर असते आणि संदेश देणारा तिला शून्याकडे खेचतो. केबलीच्या शेवटच्या टोकाला प्रतिरोध नसेल, तर चासकमान धरणाच्या कालव्यात बंद दारावर आदळून लाट मागे फिरावी तसा संदेश परततो. सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये हा प्रतिरोध बहुधा १५० ओहमचा असतो, म्हणजे ३३ मिलिअँपियर प्रवाह. पण एकाच केबलीवरील दोन्ही ड्राइव्हवर तो राहिला तर प्रवाह ६६ मिलिअँपियर होतो, आणि या कामी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ७४३८ चिपची मर्यादा केवळ ४८ आहे. असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. त्यामुळे तो हमखास ड्राइव्हच्या माथी मारला जातो.

घरगुती संगणकाची केबल आणून जोडणे हीही मोठी चूक. आयबीएमने तिच्यात १० ते १६ या तारांना पीळ दिला. परंतु जुन्या नियंत्रकाला सरळ केबल लागते, आणि पिळामुळे ड्राइव्हनिवडीचा व मोटारीचा हुकूम भलत्याच तारेवर जातो. संगणकाचा ड्राइव्ह ३४ व्या तारेवर तबकडी बदलल्याची खबर देतो, तर काही नियंत्रक तेथे ‘सज्ज’ या संदेशाची वाट पाहत बसतात.

तपास सोपा आहे. वीज बंद करून केबल काढावी, लाल रेघ पिन १ कडे आहे ना ते पाहावे (उलटी बसल्यास ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहतो), आणि मल्टिमीटरने चौतीसही तारा टोकापासून टोकापर्यंत, वाकवून व हलवून तपासाव्यात. शेजारच्या तारांशी स्पर्श नाही ना, हेही पाहावे. जोडणी काढताना केबल ओढू नये, कारण तारा केवळ दाबाने पात्यांत बसविलेल्या असतात.

आणि जुने यंत्र भंगारात देणाऱ्यांना एक विनंती: केबल, प्रतिरोधाची पट्टी आणि माहितीपुस्तिका काढून ठेवा, तसेच फ्लॉपीवरील कार्यक्रमांची नक्कल आजच करून घ्या.