एकोणिसाव्या वर्षींचें वडीलपण

जून महिन्यांत अमेरिकेंतील शाळांस उन्हाळ्याची सुट्टी लागली, कीं लक्षावधि मुलें घर सोडून रानांतील किंवा सरोवराकांठच्या शिबिरांत राहावयास जातात. त्यांपैकीं पुष्कळशीं शिबिरें ख्रिस्ती मंडळींनीं चालविलेलीं असतात. ही प्रथा जुनी आहे. १८८५ सालीं समनर डड्ली नांवाच्या वाय. एम. सी. ए.च्या कार्यकर्त्यानें न्यूयॉर्क राज्यांत सात मुलांस घेऊन तंबू ठोकले. त्याच्या नांवाचें शिबिर शँप्लेन सरोवराच्या कांठीं आजहि भरतें. परंतु शिबिरास जाणाऱ्या मुलांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. त्यांना सांभाळणाऱ्या मुलांविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं.

प्रत्येक लांकडी झोपडींत आठदहा मुलें निजतात आणि त्यांच्याबरोबर रात्रंदिवस राहतो तो 'कौन्सेलर'. आपल्याकडे या शब्दाचें भाषांतर 'समुपदेशक' असें करितात. तें येथें अगदींच विजोड वाटतें. आपल्या शिबिरांत मुलें ज्याला 'दादा' किंवा 'ताई' म्हणतात, तोच हा. बहुधा १८-१९ वर्षांचा, नुकताच शाळेंतून बाहेर पडलेला. अमेरिकन कँप असोसिएशनच्या दंडकाप्रमाणें ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागें, आणि त्याहून लहान म्हणजे ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागें, निदान एक कार्यकर्ता असावा लागतो. शिबिर भरण्यापूर्वीं थोडे दिवस त्याला शिक्षण मिळतें: प्रथमोपचार, पोहण्याच्या जागेचे नियम, कोणत्याहि मुलाबरोबर एकांतांत न राहण्याचा कडक नियम. मग एके दिवशीं दुपारीं मोटारी येतात, आया मुलांना पोटाशीं धरतात आणि निघून जातात. आपल्या एकत्र कुटुंबांतहि मोठी बहीण धाकट्यांस न्हाऊं-जेवूं घालते. पण तिच्या पाठीशीं आजी, काकू, आत्या उभ्या असतात.

दिवस सोपा जातो. होड्या, पोहणें, चेंडूचे खेळ यांत मुलांना वेळ पुरत नाहीं. रात्र मात्र कठीण. दिवा मालवल्यावर कोणीतरी उशींत तोंड खुपसून मुसमुसूं लागतें. घरच्या ओढीनें होणाऱ्या या दुःखाचा ख्रिस्तोफर थर्बर या मानसशास्त्रज्ञानें पुष्कळ अभ्यास केला असून, २००७ सालीं 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय मासिकांत एडवर्ड वॉल्टन यांच्यासह त्यानें त्यावर लेखहि लिहिला. आईबापांस त्याचें सांगणें असें, कीं 'करमलें नाहीं तर लगेच न्यावयास येऊं' असें वचन देऊन मुलास पाठवूं नये. 'तुला हें जमणार नाहीं' हा त्या वचनांतला अर्थ मूल बरोबर ओळखतें. पहिल्याच वर्षीं आलेल्या दादाला मात्र रडें थांबविण्यास तेंच वचन जवळचें वाटतें. मुरलेला दादा तसें करीत नाहीं. घरचा कुत्रा काय करीत असेल हें तो विचारतो, उद्यां सकाळीं झेंडा चढविण्याचें काम त्याच मुलावर सोंपवितो, आणि डोळा लागेपर्यंत खाटेशीं जमिनीवर बसून राहतो. त्यालाहि स्वतःचें घर आठवत असतेंच. तें सांगावें कोणाला?

आतां धर्माचें काय, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत आलाच असेल. सकाळीं बायबलाचें वाचन, प्रार्थना, गाणीं हें तर असतेंच. शिवाय शेवटच्या रात्रीं शेकोटीभोंवतीं मुलांस ख्रिस्ताचा स्वीकार करण्याचें आवाहन करण्याची चाल अनेक शिबिरांत आहे. १८०१ सालीं केंटकींतील केन रिज येथें हजारों लोक उघड्यावर जमले होते. त्या काळच्या धर्ममेळाव्यांचा हा वारसा. दमलेल्या, उद्यां मित्र सोडावयाचे म्हणून व्याकूळ झालेल्या दहा वर्षांच्या मुलानें अशा वेळीं हात वर केला, तर तो निश्चय कितपत त्याचा, ही शंका आम्हांस रास्त वाटते. पण ताईची परीक्षा शेकोटीपाशीं होत नाहीं. जेवणाचीं ताटें उचलतां उचलतां एखादी मुलगी सहज विचारते, "माझी आजी कधीं प्रार्थना करीत नव्हती. ती आतां कोठें असेल?" पुस्तकांतलें उत्तर तयार असतें. तें द्यावें, कीं ताट खालीं ठेवून 'आजी कशी होती ग?' असें विचारावें, हें थोड्या दिवसांच्या शिक्षणांत येत नाहीं. आमच्या मतें दुसरें करणारीच ताई धर्म अधिक जाणते.

रात्रीची राखण किती जड होऊं शकते, हें ४ जुलै २०२५ च्या पहांटे दिसलें. टेक्सासमध्यें ग्वादालूप नदीच्या कांठीं १९२६ सालीं स्थापन झालेलें कँप मिस्टिक हें मुलींचें ख्रिस्ती शिबिर. नदी पाऊण तासांत सुमारें २६ फूट चढली. त्या शिबिरांतील २५ मुली आणि दोन ताया बुडाल्या. तायांपैकीं एक १८ वर्षांची, दुसरी १९ वर्षांची. शिबिराचे संचालकहि मुलींना वांचवितांना गेले. मेक्सिकोहून आलेल्या १९ वर्षांच्या दोघींनीं आपल्या मुलींच्या अंगावर त्यांचीं नांवें लिहून ठेविलीं. कशासाठीं, तें त्या लहानग्यांना सांगवलें नसेल.

पाणी चढूं लागल्यावर कोठें जावें, हें अंधारांत ठरविण्याचें काम १९ वर्षांच्या मुलीवर पडूं नये. तें वडीलधाऱ्यांनीं उजेडीं ठरवून ठेवावयाचें. सप्टेंबर २०२५ मध्यें टेक्सासनें त्यासाठीं कायदे केले. पुराच्या पट्ट्यांत निजण्याच्या झोपड्यांस मनाई झाली. संकटकाळची योजना आणि कार्यकर्त्यांस तिचें शिक्षण सक्तीचें झालें. विधिमंडळापुढें साक्ष देण्यास आलेल्या आईबापांत बुडालेल्या एका ताईचे वडीलहि होते.