'कापडी' पिशवी कापडाची आहे काय?

कोरेगाव भीमाच्या बाजारात हल्ली गिऱ्हाईक आपणहून सांगते, "प्लास्टिकची नको, कापडी द्या." दुकानदारही गल्ल्याखालून रंगीत, दोन बंदांची पिशवी काढून देतो. गिऱ्हाईक खूष आणि दुकानदारही खूष. पण ज्याने आयुष्यभर ताके उलगडले आहेत त्याने ती पिशवी बोटांत धरली तर हे कापड नव्हे, हे त्याला कळायला पाहिजे. मला कळले नाही, हे आधीच कबूल करतो.

गोष्ट 2018 सालची. राज्य सरकारने 23 मार्चला प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली. शिल्लक माल संपविण्यास तीन महिने दिले आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि शिवाय तीन महिन्यांची कैद. पुणे-नगर रस्त्यावरचे सगळे दुकानदार घाबरले. घाईघाईत एका ठोक व्यापाऱ्याकडून मी पिशव्यांचा मोठा गठ्ठा उचलला. बिलावर 'कापडी पिशवी' असेच लिहिले होते. काही दिवसांनी आमच्या शेजारच्या शिंप्याने एक पिशवी हातात घेतली, कडेला कात्री लावली आणि विचारले, "शेठ, ह्याचा धागा कुठे आहे?" धागा नव्हताच. मी काडी ओढली. पिशवी जळण्याऐवजी आकसली, वितळली, मेणबत्तीसारखा वास सुटला आणि खाली कडक गोळी उरली.

हा माल पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे चक्क प्लास्टिकचा. प्लास्टिक वितळवून बारीक छिद्रांतून तंतू काढतात, ते एकावर एक पसरतात आणि उष्णतेने दाबून चिकटवतात. बाजारात त्याला नॉनवोव्हन म्हणतात. ताणा नाही, बाणा नाही, माग नाही. गंमत म्हणजे 2018 च्या बंदीच्या यादीत ह्या पिशवीचे नाव स्पष्ट होते. माझी शाळा उर्दू, सरकारी मराठी मला सावकाश वाचावी लागते. पण मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या शेजाऱ्यांनी तरी ती यादी कुठे वाचली होती? पुढे केंद्राच्या 2021 च्या नियमांनी अशा पिशवीला चौरस मीटरमागे किमान 60 ग्रॅम वजनाची अट घातली. म्हणजे पिशवी जाड झाली, टिकाऊ झाली. प्लास्टिकची मात्र प्लास्टिकचीच राहिली.

व्यापारी बंधूंनी परीक्षा घरीच करावी. पिशवीचा बारीक तुकडा चिमट्यात धरून उघड्यावर, पाण्याच्या वाटीवर पेटवावा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. गोळी झाली तर समजावे की आपण फसलो.

दुसरा घोटाळा 'विघटनशील' ह्या शब्दाचा. विक्रेते सांगतात, ही पिशवी मातीत मिसळून जाते. काही पिशव्यांत फक्त असा मसाला असतो की प्लास्टिकचा बारीक भुगा व्हावा. डोळ्यांना पिशवी दिसेनाशी होते, पण प्लास्टिक तिथेच असते. युरोपीय संघाने असा माल जुलै 2021 पासून बंदच केला. खरी कंपोस्ट होणारी पिशवी निराळी. मका वगैरेंच्या स्टार्चपासून तिचे घटक बनवतात. तिच्यासाठी आयएस 17088 हे मानक आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याकडे ते मागावे. नसेल तर माल परत करावा. आणि तीसुद्धा मोठ्या कंपोस्ट कारखान्यात, सुमारे 58 अंश उष्णतेत महिनोन् महिने राहिली तर कुजते. गावच्या उकिरड्यात किंवा भीमेच्या गार पाण्यात तशी ऊब कुठली?

भीमेचे म्हणाल तर पूर ओसरल्यावर पुलावरून खाली पाहावे. काठच्या बाभळींना पिशव्या लटकलेल्या असतात. जे अडकत नाही ते दौंडवरून पुढे उजनी धरणाकडे जाते.

मग सुती पिशवीच द्यावी, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले. मांजरपाटाची एक पिशवी शिवून घ्यायची तर तेवढ्या पैशात नॉनवोव्हनच्या तीन-चार येतात. त्यात डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा अहवाल आहे. तो म्हणतो की पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची तर सुती पिशवी हवामानाच्या हिशेबाने किमान 52 वेळा वापरली पाहिजे. पाणी व इतर सगळ्या बाबी धरल्या तर 7,100 वेळा. कपाशीला किती पाणी आणि फवारे लागतात हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तेव्हा नवी सुती पिशवी फुकट वाटणे म्हणजे पुण्य आहे असे समजू नये. फुकटची पिशवी गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला घरी विसरून येते.

बांगलादेशाने 2002 साली पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली. देशभर अशी बंदी घालणारा तो पहिला देश. 1988 आणि 1998 च्या पुरांत ह्या पिशव्यांनी गटारे तुंबवली होती. तिथे तागाची कमी नाही. मुबारक अहमद खान ह्या शास्त्रज्ञाने तर तागापासून पॉलिथिनसारखी दिसणारी 'सोनाली बॅग' बनवली. तरीही स्वस्त पॉलिथिन बाजारातून गेले नाही आणि 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीच बंदी नव्याने अमलात आणावी लागली.

मी एवढेच केले. ताक्याचे शेवटचे तुकडे, डाग पडलेले पन्हे, न खपलेले कटपीस, जे पूर्वी चिंधीच्या भावाने जात असे, ते त्याच शिंप्याकडे देतो. कापड आधीच विणलेले असते, त्यासाठी नवी कपाशी लावावी लागत नाही. शिलाईचे पैसे पिशवीवर घेतो आणि पिशवी परत आणली तर बिलातून वजा करतो. सणाच्या गर्दीत हे जमत नाही. ईद-दिवाळीच्या दिवसांत पिशव्या कमी पडतात. तेव्हा अब्बांच्या वेळेप्रमाणे कागदात गुंडाळून सुतळी बांधतो. तरुण पोरे नाक मुरडतात, वयस्क बायका हसतात.

माझ्या हाताबाहेरची एक गोष्ट राहते. सुरतेहून आलेली प्रत्येक साडी आपापल्या पारदर्शक कव्हरात असते. शंभर साड्यांची शंभर कव्हरे. 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे असे वेष्टण गोळा करून घेण्याची जबाबदारी माल बनवणाऱ्यावर आणि ब्रँडवाल्यावर आहे. मी मागच्या खेपेला आडत्याला विचारले, कव्हरे परत नेता का? तो म्हणाला, "शेठ, बिना कव्हर साडी पाठवली तर तुम्हीच पहिल्यांदा भाव पाडाल." त्यावर मला उत्तर देता आले नाही. पुढच्या मागणीत दहा साड्यांना मिळून एकच कव्हर घालून पाठवा असे लिहिले आहे, आणि भाव तोच ठेवला आहे.