ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना कामासाठी देशाबाहेर जावं का?

आज एक असा प्रश्न घेऊ, जो अमेरिकेत नोकरी करणारे मराठी लोक मला विचारतात आणि इथे बसलेले त्यांचे मॅनेजरही विचारतात. बेंगळुरूच्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या परदेश प्रवासाची कागदपत्रं मी पाहतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतो. अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज दाखल झाला आहे, निर्णय आलेला नाही आणि कंपनी म्हणते, "आठवडाभर टोरांटोला जाऊन या" किंवा "दोन आठवडे बेंगळुरूला या." जावं का?

माझं उत्तर थोडक्यात असं: जायला तिकीट पुरतं, परत यायला कागद लागतो. म्हणून आधी परतीचा कागद बघायचा, मग तिकीट काढायचं.

अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे?

"माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे" एवढ्यानं काहीच कळत नाही. नोकरीमार्फत मिळणाऱ्या ग्रीन कार्डचे साधारण तीन टप्पे असतात. पहिला लेबर सर्टिफिकेशनचा, दुसरा आय-१४०चा. हे दोन्ही अर्ज तुमची कंपनी करते. ते प्रलंबित असताना तुम्ही बाहेर गेलात, म्हणून ते रद्द होत नाहीत. तिसरा टप्पा आय-४८५. हा अर्ज तुमचा स्वतःचा, आणि तो अमेरिकेत राहूनच पूर्ण करायचा असतो. तो प्रलंबित असताना योग्य परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलंत, तर "अर्जदारानं अर्ज सोडून दिला" असं धरतात. कॅनडातली एका दिवसाची मीटिंगसुद्धा देशाबाहेर जाणंच आहे.

पुन्हा अर्ज केला तर?

इथेच खरी मेख आहे. नोकरीच्या वर्गात वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि कोणत्याही एका देशासाठी सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग त्यामुळे दहा-दहा वर्षांहून लांब जाते. आय-१४० मंजूर असेल तर रांगेतली तुमची तारीख आय-४८५ गेला तरी सहसा टिकते. पण नवा आय-४८५ तुमची तारीख खुली असेल तेव्हाच भरता येतो, आणि या तारखा मागेही सरकतात.

एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तिसऱ्या वर्गातल्या भारतीयांसाठी अर्ज भरण्याची तारीख एकदम जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली. हजारो लोकांनी तेव्हा अर्ज भरले. पुढे जुलै २०२३ मध्ये त्याच वर्गाची अंतिम निर्णयाची तारीख जानेवारी २००९ वर गेली. आता विचार करा, २०२० मध्ये भरलेला अर्ज एका मीटिंगपायी गेला असता, तर तारखा पुन्हा पुढे येईपर्यंत हात चोळत बसावं लागलं असतं.

परतीचे दोन कागद

पहिला कागद ॲडव्हान्स परोल. परोल म्हटलं की आपल्याला तुरुंगातला कैदी आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे: बाहेर जाऊन परत येण्यासाठी आधीच घेतलेली परवानगी. त्यासाठी आय-१३१ हा अर्ज करतात. नुसता अर्ज केल्याची पावती चालत नाही. निघण्यापूर्वी मंजुरीचा कागद हातात हवा. आणि तो असला तरी विमानतळावर आत घ्यायचं की नाही, हे अधिकारीच ठरवतो.

दुसरा मार्ग एच-१बी किंवा एल-१ वर काम करणाऱ्यांसाठी. तुमची ती स्थिती कायम असेल, त्याच कंपनीच्या कामावर परतत असाल आणि पासपोर्टवर त्याच वर्गाचा वैध व्हिसा असेल, तर ॲडव्हान्स परोलशिवाय गेलात तरी आय-४८५ वाचतो. मात्र तेव्हा तुमचा आय-१३१ प्रलंबित असेल, तर तो बहुधा नाकारला जातो आणि पुन्हा भरावा लागतो.

लोक कुठे अडकतात?

एक: आय-४८५ मुळे मिळालेल्या वर्क परमिटवर, म्हणजे ईएडीवर, नवी नोकरी धरलेली असते. एच-१बी मागे पडलेला असतो. अशा वेळी दुसरा मार्ग बंद होतो, ॲडव्हान्स परोल हाच एक कागद उरतो.

दोन: एच-१बीची मुदत वाढलेली असते, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो. मुदतवाढ तुम्हाला अमेरिकेत राहू देते, व्हिसा तुम्हाला दारातून आत आणतो. बाहेर पडलात की नव्या व्हिसासाठी दूतावासाची अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि आठवड्याच्या कामासाठी गेलेला माणूस महिनोन्‌महिने अडकू शकतो.

तीन: नवरा-बायको दोघांचे अर्ज वेगळे असतात. एकाच्या कागदावर दुसऱ्याचा अर्ज वाचत नाही. बरोबर जाणार असाल, तर दोघांचे कागद वेगवेगळे तपासा.

मॅनेजर मंडळींना एक विनंती

भारतात बसून "एकच तर ट्रिप आहे" असं म्हणणं सोपं असतं. ज्याला पाठवायचं त्याची मात्र दहा-बारा वर्षांची वाट पाहणी, मुलांची शाळा, घराचं कर्ज, सगळं त्या ट्रिपवर टांगलेलं असतं. आणि ज्याचा अर्ज कंपनीच्या हातात आहे, तो माणूस साहेबाला सहजासहजी नाही म्हणत नाही. म्हणून तुम्हीच आधी विचारा: आय-४८५ भरलाय का? कोणत्या कागदावर परत येणार? वकिलानं लेखी होकार दिलाय का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ती मीटिंग व्हिडिओ कॉलवर घ्या, किंवा दुसऱ्या कुणाला पाठवा.

आणि प्रवास करून सुखरूप परतलात, तर त्याच दिवशी आपला आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख तपासा. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर राहण्याची तारीखही तिथेच कापलेली असू शकते.

प्रत्येकाची केस वेगळी असते, तेव्हा माझं ऐकून थेट तिकीट काढू नका. आपल्या वकिलाला कागद दाखवा, आणि त्यानं "जा" म्हटलं की मग बॅग भरा. भेटू पुढच्या भागात.