खेळाची शाळा आणि पालकांची पारख

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पश्चिमेकडे निघालें आणि रेल्वेचे रूळ ओलांडले कीं जिमखान्यांचीं मैदानें लागतात. दक्षिणेकडे थोडें चाललें कीं आझाद मैदान येतें. मैदानें इतकीं जवळ असूनहि या वस्तींतील पुष्कळ मुलांचा खेळ चाळीच्या चौकांत सुरू होतो आणि दहावीच्या शिकवणीपाशीं संपतो. अशा घरांतील एखादें मूल धावण्यांत वा नेमबाजींत इतरांहून उजवें ठरलें, म्हणजे आईबापांपुढें प्रश्न उभा राहतो कीं, जेथें खेळ हाच मुख्य विषय आहे अशा सरकारी विद्यालयांत त्यास पाठवावें काय? हा प्रश्न हौसेचा नव्हे. मुलाच्या आयुष्यांतील चारपांच वर्षें त्यावर अवलंबून असतात आणि तीं परत मिळत नाहींत.

महाराष्ट्रास ही कल्पना सर्वस्वीं नवी नाहीं. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 सालीं झाली आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें तेथें भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. तथापि शाळा, वसतिगृह आणि मैदान यांची सांगड घालून लहान वयांतच खेळाडू निवडावयाचे, ही योजना राज्य शासनानें हातीं घेतली ती अलीकडे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं पुण्याजवळ बालेवाडी येथें श्रीशिवछत्रपति क्रीडानगरी उभी राहिली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, 1996 च्या क्रीडाधोरणास अनुसरून, क्रीडा प्रबोधिनीचा उपक्रम सुरू झाला. निवड झालेल्या मुलाच्या निवासाची, भोजनाची, शालेय शिक्षणाची आणि मार्गदर्शनाची सोय शासन करतें. निवड करतांना उंची, वजन, लवचिकपणा, उभी व लांब उडी, अल्प अंतराची धाव, 800 मीटरची धाव अशा चाचण्या घेतात. येथें पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या चाचण्या देहाची ठेवण सांगतात. मनाची ठेवण सांगत नाहींत. घरापासून दूर राहून, पहाटे उठून, हरल्यावरहि पुन्हा मैदानावर उतरण्याची वृत्ति मुलाच्या अंगीं आहे किंवा नाहीं, हें घरच्या माणसांनींच पाहिलें पाहिजे.

या योजनेचें उत्तम फळ सर्वांच्या परिचयाचें आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांना त्यांच्या वडिलांनीं 2009 सालीं क्रीडा प्रबोधिनींत घातलें. नाशिक येथें त्यांनीं नेमबाजी हा खेळ निवडला. आणि 1 ऑगस्ट 2024 रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें 50 मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. 1952 सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविल्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळण्यास 72 वर्षें लागलीं. ही कथा ऐकून छाती फुगते, परंतु तिच्यांतील हिशोब शांतपणें मांडावा. प्रवेश आणि पदक यांच्यामध्यें 15 वर्षें गेलीं, आणि मधल्या काळांत त्यांस रेल्वेच्या नोकरीचा आधार होता. म्हणजे शाळेनें वाट दाखविली. ती चालून जाण्यास शाळा संपल्यानंतरचीं अनेक वर्षें खर्चीं पडलीं. जे पालक दहावीच्या निकालाबरोबर पदकाची अपेक्षा करतात, त्यांनीं हा काळ नीट मोजावा.

उलट बाजूहि पाहण्याजोगी आहे. बीड जिल्ह्यांतील अविनाश साबळे हे बारावीनंतर सैन्यांत भरती झाले, अडथळ्यांच्या शर्यतीकडे सैन्यांत असतांनाच वळले, आणि 2022 सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत 3000 मीटर स्टीपलचेसमध्यें रौप्यपदकाचे मानकरी झाले. सारांश, क्रीडाशाळेचें दार बंद झालें म्हणून खेळाचेंहि दार बंद होतें असें नाहीं. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत लहान वय मोलाचें असतें; दूर अंतराच्या धावण्यांत घाईचें कारण नसतें. आपल्या मुलाचा खेळ यांपैकीं कोणत्या जातीचा, हें आधीं ठरवावें.

आतां शाळा कशी पारखावी? इमारत आणि मैदान पाहून पालक दिपून जातात. परंतु पहिला प्रश्न गुरूचा असावा. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरांत आले, तें शाळेच्या पाटीकरितां नव्हे. रमाकांत आचरेकर यांचें मार्गदर्शन तेथें लाभत होतें म्हणून. जाण्यायेण्याचा वेळ वांचावा यासाठीं ते शिवाजी पार्कजवळ आपल्या काकाकाकूंकडे राहिले. याच शाळेच्या वतीनें फेब्रुवारी 1988 मध्यें, हॅरिस शील्डच्या सामन्यांत, त्यांनीं आणि विनोद कांबळी यांनीं आझाद मैदानावर 664 धावांची अखंड भागीदारी केली. शारदाश्रम ही सरकारी क्रीडाशाळा नव्हे. परंतु पारखीचें सूत्र तेंच. म्हणून विचारावें कीं, या खेळाचा मार्गदर्शक पूर्णवेळ आहे कीं हंगामापुरता? एका मार्गदर्शकाकडे किती मुलें आहेत? तो बदलून गेला तर मागें कोण? उत्तरें कार्यालयांत मिळतीलच असें नाहीं. सकाळच्या सरावाच्या वेळीं मैदानाच्या कडेला तासभर उभें राहिल्यास तीं आपोआप दिसतात.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. स्पर्धांच्या दिवसांत बुडालेले तास कोण भरून काढतो, गणित व विज्ञान यांचे शिक्षक नेमलेले आहेत काय, आणि दहावीस मुलें किती टक्क्यांनीं उत्तीर्ण होतात, हें विचारण्यांत संकोच कसला? राज्यांत शासकीय सेवेंत गुणवंत खेळाडूंकरितां 5 टक्के आरक्षण आहे, हें खरें. परंतु त्यासाठींहि विहित स्पर्धेंतील यश, पडताळणी झालेलें प्रमाणपत्र आणि पदानुसार शैक्षणिक पात्रता हीं लागतातच. पुस्तक टाकून दिलेल्या खेळाडूच्या हातीं पुढें प्रमाणपत्र राहतें आणि पात्रता राहत नाहीं.

तिसरा प्रश्न देहाचा, आणि तो सर्वांत नाजुक. वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकांशीं कोवळा कूर्चेचा भाग असतो. हाडाची वाढ तेथून होते. एकच हालचाल दिवसरात्र करविल्यास त्यास इजा होते. म्हणून बालवैद्यकाचे जाणकार आठवड्यांतून निदान एक दिवस पूर्ण विश्रांति आणि वर्षांतून दोनतीन महिने त्या विशिष्ट खेळापासून सुटी सुचवितात. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत, असाहि एक ठोकताळा आहे. शाळेंत वैद्य किती वेळां येतो आणि दुखापत झाल्यास मुलास खरोखर विश्रांति मिळते काय, हें अवश्य पाहावें.

पदकांचा हव्यास किती दूर जातो, याचें उदाहरण पूर्व जर्मनीनें घालून दिलें आहे. 1950 नंतरच्या दशकांत तेथें सरकारी क्रीडाशाळांचें जाळें पसरलें आणि लहानशा देशानें पदकांची रास लावली. पुढें उघड झालें कीं, अल्पवयीन मुलींसहि जीवनसत्त्वांच्या गोळ्या म्हणून संप्रेरकें दिलीं जात होतीं. 2000 सालीं बर्लिनच्या न्यायालयानें या कारभाराच्या प्रमुखांस दोषी ठरविलें; परंतु बिघडलेल्या प्रकृति न्यायालयास परत देतां आल्या नाहींत. तेव्हां वसतिगृहांत मुलास कोणतें औषध वा पूरक आहार दिला जातो, याची लेखी माहिती मागण्याचा पालकांनीं आग्रह धरावा. तसेंच मुलींच्या वसतिगृहांत स्त्री अधीक्षिका आहे काय, तक्रार कोणाकडे करावयाची हें मुलांस ठाऊक आहे काय, घरीं बोलण्याची मोकळीक किती, हेंहि विचारावें. 2012 च्या बालसंरक्षण कायद्यानें शाळांवर व माणसांवर जबाबदारी टाकली आहे. परंतु पालकांचा कान सावध असेल तरच कायद्यास वेळीं हांक पोहोंचते.

अखेरचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि तोच प्रथम विचारावयास हवा. येथून बाहेर पडलेल्या मुलांचें पुढें काय झालें? प्रत्येक शाळा भिंतीवर पदकविजेत्यांचीं छायाचित्रें लावते. भिंतीवर ज्यांचें छायाचित्र नाहीं अशीं मुलें संख्येनें कितीतरी अधिक असतात. त्यांपैकीं चारदोघांच्या घरीं जाऊन बसावें. तीं आज शिकत आहेत, नोकरी करीत आहेत, अंगानें धडधाकट आहेत आणि अजून सुटीच्या दिवशीं आनंदानें खेळतात, असें दिसलें तर शाळा चांगली, मग तिचीं पदकें थोडीं असलीं तरी चालेल. तीं खेळाचें नांव काढतांच मान फिरवीत असतील तर कितीहि ढाली असोत, तेथें मूल घालूं नये.

आणि एवढें सगळें झाल्यावर मुलास विचारावें. एकदां नव्हे, महिन्याच्या अंतरानें दोनदां. पहिल्या खेपेचा होकार मित्रांच्या वा टाळ्यांच्या भरांतला असूं शकतो. दुसऱ्या खेपेसहि तो तितक्याच शांतपणें आला, तर पेटी भरण्यास हरकत नाहीं. मात्र सहा महिन्यांनीं परत यावेंसें वाटलें तर घराचें दार उघडें आहे आणि परत येण्यांत नामुष्की नाहीं, हें निघण्यापूर्वींच त्यास स्पष्ट सांगावें. ज्या मुलास परतीची वाट मोकळी असते, तेंच पुढची वाट निर्भयपणें चालतें.