चुलीपासून पुस्तकापर्यंत

● येसर : नळदुर्ग परिसरासह मराठवाड्यात घरोघरी होणारं पीठ. बाजरी, गहू, हरभराडाळ, धणे, जिरे, मिरी, लवंग असं सगळं वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळायचं. आमटी करताना ते आधी गार पाण्यात कालवायचं. थेट उकळीत टाकलं तर गुठळ्या होतात.

● मानसोल्लास : नळदुर्गजवळच्या कल्याणीचा (आजचं बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा १२व्या शतकातला संस्कृत ग्रंथ. ‘अन्नभोग’ प्रकरणात वडे, मांडे, पुऱ्यांची कृती.

● सूपशास्त्र (१८७५) : रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं, सुरुवातीच्या छापील मराठी पाकपुस्तकांपैकी एक.

● रुचिरा (१९७०) : कमलाबाई ओगले यांचं. मापाला घरातलीच वाटी-चमचा, म्हणून नवशिक्यांचा आधार.

● अन्न हे अपूर्ण ब्रह्म : धाराशिव जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांचं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती, मांस वाळवून केलेल्या चान्यांसह, त्यात नोंदली आहे. एरवीच्या पाकपुस्तकांत या पदार्थांना पान मिळालं नव्हतं.

● तुमच्या आजीचं येसराचं प्रमाण आजच वहीत उतरवून ठेवा.